शेळी शोधायला गेलो होतो

बसा, बसा हो तुम्ही! मी उभाच बरा… नाही नाही, खुर्ची नको, ठेवा ती तिकडे! दोन वर्षं झाली, नाताळ असो, ईस्टर असो, आज नातवाचा बाप्तिस्मा असो, व्याह्यांबरोबर जेवण म्हटलं की हा लेफ्तेरीस उभ्याने जेवतो. घोड्यासारखा! काय गुन्हा केला होता मी? मी आपला शेळी शोधायला गेलो होतो!

हळू बोलतो, विहीणबाई तिकडे आहेत.

तर त्या संध्याकाळी आमच्या कालिओपीच्या लग्नाची बोलणी. मुलाकडचे सकाळच्या बोटीने थेसालोनिकीहून आलेले, बंदरावर खोली घेऊन राहिलेले, मुलाच्या आईबापांची आम्ही तोंडंही पाहिलेली नाहीत. ऐकून मात्र होतो, की मुलाची आई ओलिंपियाबाई भयंकर कडक, आधीचं एक स्थळ तिने मुलीच्या बापाने तिच्याआधी पावाला हात घातला म्हणून मोडलेलं! झालं, आमच्या बायकोने, आसिमिनाने, मला दुपारीच रविवारची इस्त्रीची पँट चढवली आणि वर दम, "चुरगळली तर घरात घेणार नाही!" पोरगी कोपऱ्यात नखं खातेय, "बाबा, आज तरी नीट वागा हं…" आज तरी! म्हणजे एरवी मी काय…? जाऊ दे. आणि नेमकी तेव्हाच आमची शेळी, कानेला, दावं तोडून पळाली! आता ती शेजारच्या फोतिनीच्या द्राक्षवेलींत शिरली, तर ती बया ऐन जेवणात दारात येऊन बोंब मारणार की नाही? "जा, आणा तिला!" म्हणाली बायको. गेलो.

आणि कुठे उतरावी त्या सटवीने? खाली त्या किनाऱ्यावर! तोच हो… जिथे लोक अंगावर सूत न ठेवता पडतात. माना कशाला खाली घालताय? वाट सगळ्यांना माहीत आहे!

तुम्हाला सांगतो, तिथे मी एकटा पँटीतला! आणि आपली रीत काय? माणूस दिसला की 'यासास' म्हणायचं, न बोलता जातो तो उद्धट. म्हणत गेलो! डोळे आभाळात, तोंडाने यासास, यासास… दोनदा ठेचकाळलो! तेवढ्यात एक अथेन्सची आजीबाई, तशीच बसून लोकर विणत होती, ती ओरडली, "शोभतं का हो या वयात? चारचौघांत पँट घालून फिरता!"

"बाई, मी शेळी शोधतोय!"

"इथे कपड्यांत येणारे सगळे काही ना काही शोधतच असतात."

सगळे बघायला लागले हो! मला, गावच्या चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्या माणसाला, चोरून बघणारा ठरवलं! काय करणार मी? सदरा काढला, पँटही काढली. घडी मोडू न देता दगडावर ठेवली… आणि मागून आली कानेला, उचलली पँट, आणि चढली कड्यावर. चावत!

मी मटकन खाली बसलो. शेजारी एक गृहस्थ, चीजसारखा पांढरा. आता माणसाने गप्प बसावं की नाही? पण सवय! तोंडातून निघालंच, "कुणाचे तुम्ही?"

"मी इथला नाही," तो म्हणाला, "थेसालोनिकीचा. प्रोद्रोमोस. मुलाच्या लग्नाची बोलणी करायला आलोय."

म्हटलं, "मुलगी… कालिओपी का?"

"हो! तुम्ही कसं ओळखलं?"

"मी बाप."

आता व्याही पहिल्यांदा भेटले की काय करतात? मिठी मारून दोन्ही गालांचे मुके घेतात! न घ्यावेत तर अपमान, घ्यावेत तर… घेतले! मध्ये गाढव आडवं जाईल एवढी जागा ठेवून, कमरेतून वाकून घेतले!

"ओलिंपियाला कळू देऊ नका," तो रडवेला. "मी चर्चमध्ये मेणबत्ती लावायला गेलोय असं सांगितलंय. तिला कळलं तर आजच मोडेल सगळं, आणि माझं पोर हो… तुमच्या मुलीवर जीव टाकतं ते." मला भरून आलं. माझी पोरगी तिकडे नखं खात बसलेली, आणि तिचा बाप बिनपँटीचा! मी काही बोलणार, तोच कड्यावर फोतिनी! लोणच्यासाठी केपरच्या झुडपांच्या कळ्या तोडायला आलेली!

"व्याही, पालथे व्हा! पाठीवरून कुणी ओळखत नाही!"

झालो पालथे. आणि ती बाई एकेक कळी तोडतेय… निरखतेय… टोपलीत टाकतेय… आणि वर आपला जुलैचा सूर्य! दुपारभर हो! शेवटी ती गेली, घरी जाताना मला पँट सापडली, एका पायाची. कानेला माझ्याआधी घरी.

संध्याकाळी पाहुणे आले. आसिमिनाने खुर्च्या मांडल्या. मी खुर्चीकडे बघतो, व्याही खुर्चीकडे बघतात. अंगाला कापड लागलं तरी डोळ्यांत पाणी येतंय, बसतोय कोण?

"बसा ना व्याही," मी.

"छे, आधी तुम्ही."

"भलतंच! तुम्ही उभे असताना मी बसू?"

"मग मीही नाही बसणार!"

पोरगी पांढरीफटक. ओलिंपियाबाई एकदा माझ्याकडे बघतेय, एकदा नवऱ्याकडे… म्हटलं, मोडलं! तर तिने रुमाल काढला हो, डोळे पुसले! "एवढा मान? आजकाल कोण देतं? आसिमिना, लग्न ठरलं!" पोरगी माझ्या गळ्यात पडली… पाठीवर हात ठेवला तिने, मी किंचाळलो, सगळ्यांना वाटलं, आनंदाने!

तेव्हापासून विहीणबाई साऱ्या गोतावळ्याला सांगतात, "आमच्यात व्याही व्याह्यासमोर बसत नाहीत!" चामडी कधीच बरी झाली, पण सांगणार कोण? ते बघा तिकडे, बिचारे प्रोद्रोमोस, ताट हातात, एका पायावरून दुसऱ्या पायावर… आणि ती कानेला? ती बघा अंगणात, मधोमध, पाय मुडपून मस्त बसलीय!