सात पटके

न्हाय न्हाय, माघारी फिरू नका मामा — बघितलंच हाय तर आता नीट बघा. गच्चीवर रेंज शोधायला आलात अन् नवरदेवाचं टक्कल घावलं, त्यात तुमचा काय दोष? बसा. त्या टाकीला टेकू नका, तापलीय. खाली आमचे वडील, आप्पा, काय म्हणाले तुमाला? "आमच्या घराण्यात पावण्यांसमोर उघडं डोकं ठेवत न्हाईत." — कसलं घराणं अन् कसलं काय, काल सांजच्याला ठरलीय ती रीत! माझ्या एकट्याचं डोकं झाकलं तर तुमाला वास लागंल, म्हणून घरातल्या सातही पुरुषांनी पटके बांधले. मे महिन्यात, उमरग्यात. अन् वर तुमी आप्पांना म्हणालात, "वा, बंडप्पा, अजून परंपरा पाळताय!" — तवा गुंडाप्पा काकाच्या डोळ्यांत पाणी आलं, बघितलं? ऊर भरून न्हवतं आलं ते. कांद्यानं आलं. नागम्मा आत्यानं सकाळी माझ्या डोक्यावर सहा कांदे किसून चोळलेत, अन् काका माझ्या शेजारी बसलेला. तुमी इचारलं बी, "भजी चाललीत का?" भजी न्हाईत मामा. मीच हाय ते.

कशानं गेले म्हणता? घरात इचारा, हरेकाकडं येगळा चोर हाय. आप्पा म्हणत्यात बोअरचं पाणी. आत्या म्हणती हेल्मेट — उमरग्यात हेल्मेट घालतंय कोण? काका म्हणतो रात्रंदिवस मोबाईल. अन् ह्यो निवाडा करायला बसलेत कोण, तर आप्पा अन् काका, दोघांची डोकी घासलेल्या परातीवानी! आरशात बघायचं न्हाय, पोराला शिव्या घालायच्या. आनुवंशिक हाय ओ! बापाकडनं बी येतं, आईकडनं बी येतं — मला दोन्हीकडनं आलं. रान वाटताना ज्यांचा हात आखडला, त्यांनी हे मातर न मागता दिलं. बरं, काकानं इलाज काय केला? तीनदा सोनारीच्या भैरवनाथाला नेऊन चकोट केलं, "भादरल्यावर दाट येत्यात" म्हणून. वस्तरा वरचं कापतोय, मुळाला त्याचं काय कळतंय? चौथ्यांदा भैरवनाथाला द्यायला माझ्याकडं कायच न्हवतं, न्हाव्यानंच हात जोडले.

मी मेडिकलात कामाला हाय, मला ठावं न्हाय व्हय? ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी गळत्यात, अन् बहुतेक परत येत्यात. थायरॉईडनं जात्यात, रगत कमी असलं तरी जात्यात — आधी तपासून घ्यायचं, मग औषध. माझ्यासारख्याला लोशन असतंय, पण ते टायमात धरावं लागतं, महिनोन् महिने लावावं लागतं, सोडलं की जेवढं आलं तेवढं गेलं. म्या लावत होतो — एकविसाव्या वर्षी! आप्पांनी बाटली उकिरड्यावर फेकली. म्हणले, "औषध लावणाऱ्या पोराला पोरगी कोण देतंय?" आता द्या म्हणावं.

कॉलेज? व्हय, बायोडाटात लिवलंय "शेतीच्या आवडीमुळं शिक्षण थांबवलं". अन् त्यावरचा फोटो बारावीतला हाय. खरं सांगू? दुसऱ्या वर्षाला चुकून पहिल्या वर्षाच्या वर्गात शिरलो, तर साठ पोरं उभी राहिली — "गुड मॉर्निंग सर!" आता काय करणार? म्या हजेरी घेतली. दुसऱ्या दिवशी बी घेतली. तिसऱ्या दिवशी खरा सर आला, त्याच्या डोक्यावर हे जंगल — पोरं त्यालाच म्हणली, "ए, गप बस खाली, सर आलेत." त्या दिवशी जे सुटलो… हसा, हसा. तुमची भाची शिवप्रिया बी हसली होती हे ऐकून.

मंग! ओळखती की. मला टकलासकट ओळखती, दोन वर्सं झाली. माझं स्थळ तुमच्या घरात कुणी घातलं, मध्यस्थानं? मैत्रिणीच्या आईला पुढं करून तिनंच घातलं. ह्या म्हाताऱ्यांवानी न्हाय ती, नुसतं डोकं झाकून बसत न्हाय, इलाज करती. अणदूरहून एसटीनं महिन्याला येती, कातडीच्या डॉक्टरकडं सुई घेती, मग चिठ्ठी घेऊन आमच्या दुकानात. चाई हाय तिला, मागल्या बाजूला, रुपयाएवढे तीन चट्टे. काय लागट-बिगट नसतंय ते, किडा-बिडा कायबी नसतोय — आपलंच अंग आपल्याच केसांच्या मुळावर उठतंय. एक चट्टा भरत बी आलाय. खाली तिची येणी बघितली न्हवं आज, मोगऱ्याची, जाडजूड? गंगावन हाय, वरनं जोडलेले केस. म्याच आणून दिलं, रंग जुळवून —

मामा?

असं काय बघताय? तुमी मामा हाव तिचे… घरात ठावं असंल की. न्हाय? तिच्या आईला बी न्हाय?

न्हाय, मग ती दुसरीच असंल. दुकानात लई पोरी येत्यात, अणदूरच्याच धा-बारा असतील. नावं बी सारखी असत्यात. मला उन्हात कायबी — मामा, फोन खाली ठेवा. कुणाला लावताय? तिच्या बापाला?

ऐका माझं. स्थळ मोडायला कारणच पायजे ना तुमाला? हे घ्या, वाकलो. काढा फोटो. उजेड चांगला हाय. पोरगं टकलं हाय म्हणा, कॉलेजातनं पळालेलं हाय म्हणा, बाप खोटारडा हाय म्हणा — समदं खरंच हाय. तेवढंच सांगा. तिचं नगा सांगू.

काढला? आणखी एक काढा, मागनं.

जावा आता.