चुडामणच्या नावाची मूठ

(खानदेशातलं रनाळे गाव, १९६३चा श्रावण. कानबाई देवीचा सण दोन दिवसांवर आला आहे. ओसरीवर तापीबाई रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, सुपात गहू काढते आहे. जवळ तिची थोरली सून निर्मलाबाई आणि धाकटा मुलगा सुकलाल.)

तापीबाई : पन एक पदवी शे ना तुले? ती काय झिजनी?

निर्मलाबाई : झिजली नाही, आत्याबाई. ती बी.ए.ची, शिकल्याची. ही बी.एड.ची, शिकवण्याची.

तापीबाई : आठ वरीस व्हयनात, नंदुरबारनी शाळामा शिकाडस. ते काय चोरीसन शिकाडस?

निर्मलाबाई : शाळेचे चालक आता जवळजवळ तसंच म्हणतात. येत्या वर्षात बी.एड. केलं नाही, तर माझ्या जागी दुसरी बाई घेणार. परवा वर्ग बघूनसुद्धा गेली ती. कालची पोर, वेणीत फूल. मलाच विचारते, खडू कुठे ठेवता?

सुकलाल : मग तुम्ही काय सांगितलं?

निर्मलाबाई : सांगितलं कुठे ठेवतो ते. खडूवर कसला राग काढायचा?

सुकलाल : आणि आता तिच्यासारख्याच पोरींत बाकावर बसायला पुण्याला जाणार. सदतिसाव्या वर्षी.

निर्मलाबाई : बाक मजबूत असतात, भाऊजी.

सुकलाल : बसा, बसा. मी कुठं नाही म्हणतो? पैशाचं तर बोललोच आहे. मिरची निघाली की फी, खानावळ, काय लागेल ते. त्यात बोलण्यासारखं काय उरलं?

निर्मलाबाई : मिरची तुमच्या कमलच्या लग्नाची आहे.

सुकलाल : कमल थांबेल एक वरीस.

निर्मलाबाई : कमल थांबेल, पण तिची आई, शोभा? पहिल्या पदवीचं सगळं तुम्ही दिलंत. तेव्हा शोभानं किती दिवाळ्या जुन्या लुगड्यावर काढल्या, ते मी पाहिलंय. मी सुट्टीत यायची, ती चहा द्यायची आणि कपबशी जरा जोरात ठेवायची.

सुकलाल : त्या कपबशीचा आवाज अजून धरून बसलात?

निर्मलाबाई : धरून नाही हो. तिच्या जागी मी असते तर फोडलीच असती.

तापीबाई : मंग पैसा कोठून आनशी तू?

निर्मलाबाई : विहिरीकडचं शेत.

सुकलाल : वहिनी, आज नको. माय रोटचे गहू काढी ऱ्हायनी.

निर्मलाबाई : उद्या काय, परवा काय. कधी बोलले तरी तुम्ही आज नको म्हणाल. आत्याबाई, ह्यांच्या वाटणीचं शेत मला विकायचं आहे.

तापीबाई : चुडामणनं? मंग चुडामणले इचारनं पडी.

निर्मलाबाई : कुठे जाऊन विचारू? आठ दिवसांत येतो म्हणाले आणि सुरतेच्या गाडीत बसले. वीस वर्षं झाली त्याला. भाऊजींनी सुरतेतल्या गिरण्या पाहिल्या, धर्मशाळा पाहिल्या, दवाखाने पाहिले. एकानंही त्यांना पाहिलेलं नाही.

तापीबाई : नही देखं म्हनीसन मानूस सरना का?

निर्मलाबाई : कायद्यानं सरतो. वकिलांना विचारून आले मी. सात वर्षं ज्याची कसली खबर नाही, तो गेला असं धरतात. मग शेत आपल्या दोघींचं. विकायचं तर माझी सही लागेल आणि तुमचा अंगठा.

तापीबाई : म्हंजे मन्हा अंगठानी मी लिखी देऊ, का मन्हा पोऱ्या मरी गया.

सुकलाल : ऐकलंत? हेच म्हणत होतो मी, आज नको.

तापीबाई : तू गप रे. इकडे देख, निर्मला. घरना दर बाप्यामांगे सव्वा मूठ गहू. ही सुकलालनी. ह्या त्याना दोन्ही पोरेसन्या. आनि ही चुडामणनी. मरेल मानूसनी मूठ काढतस नही. भाऊबंदन्या बाया दर साल मन्हा हातकडे टक लाईसन देखतस, आते म्हातारी थांबी, मंग थांबी. थांबनू का मी?

निर्मलाबाई : नाही थांबलात. आणि त्या मुठीचा रोट मी खाते, कारण कानबाईचा रोट घराबाहेर द्यायचा नाही. नवऱ्याकडून मला मिळतं ते तेवढंच.

सुकलाल : म्हणून तर म्हणतो, माझ्याकडून घ्या. ना कागद, ना वकील. मायला कशाला हे ऐकवायचं?

निर्मलाबाई : तुमचं नको म्हणते त्यात राग नाही, भाऊजी. सख्ख्या भावानं केलं नसतं ते तुम्ही केलंत. पण मला एकदा त्यांच्याकडून हवं आहे. चार महिन्यांचा संसार. एक बांगडी नाही, एक पत्र नाही. वसतिगृहात बायका सांगत बसायच्या, हे ह्यांनी घेतलं, ते ह्यांनी घेतलं. मी कपडे वाळत घालायला उठायची. पहिल्या शिक्षणाचं दिरानं दिलं. दुसऱ्याचं तरी नवऱ्यानं द्यावं. एवढं मागितलं तर जास्त होतं का?

सुकलाल : आणि शेत घेणार कोण? खापर गावचा व्यापारी?

निर्मलाबाई : तुम्ही घ्या. हप्त्यानं द्या, सवडीनं द्या. मिरचीला हात लावू नका. पण शेत घराबाहेर जायला नको.

सुकलाल : वा! आधी दादाले मारानं आणि मंग त्याचं शेत मी खिशात घालायचं. वीस वरीस वाहतो ते शेत. भाऊबंद बोलतात, दादा नाही आला ते सुकलालच्या पथ्यावर पडलं. पण त्या बांधावर निंब आहे ना, त्याच्याखाली मी अजून भाकर खायला बसलो नाही. ती दादाची जागा. उन्हात बसून खातो.

निर्मलाबाई : मला ठाऊक नव्हतं.

सुकलाल : सांगायची गोष्ट आहे का ती? मी बैलांना पाणी दाखवून येतो. माय, तू म्हणशी ते. तू नाही म्हणालीस तर नाही, हो म्हणालीस तर... जातो मी.

तापीबाई : गया?

निर्मलाबाई : गेले. बैलांना आत्ताच पाणी पाजलं होतं त्यांनी.

तापीबाई : रडू दे त्याले. तुन्हं सांग. मरेल म्हनीसन लिखं, मंग कपायनं काय करशी?

निर्मलाबाई : पुसेन. शाळेतल्या मुली विचारतील, बाई, कुंकू लावायला विसरलात का? काय सांगायचं ते अजून ठरवलं नाही.

तापीबाई : पुसानं नही.

निर्मलाबाई : लोक बोलतील.

तापीबाई : मी तुले शिकाले धाडी, तवय बी बोलनात. म्हातारीले पोऱ्या सापडना नही, म्हनीसन सूनले पुस्तकमा धुंडाले धाडी. आशे हासनात. मी काय करू? तू रातदिन दारकडे देखत बठे. मी बी देखू, तू बी देखे. एक घरमा दोन बाया एकच दार कितलं देखतीन? मी सांगं, एक तरी जाऊ दे.

निर्मलाबाई : हे कधी बोलला नाहीत.

तापीबाई : आते बोलनू. तू मांगस ते खोटं नही. मन्हा पोऱ्यानी तुले काहीच दिधं नही. हाई देनं त्याना अंगवर शे. मी अंगठा देसू.

निर्मलाबाई : आत्याबाई...

तापीबाई : पन मूठ मी काढसू. सरकार काय मन्हा सुपमा गहू मोजाले येस का?

निर्मलाबाई : नाही येत.

तापीबाई : आनि आते नही. कानबाई व्हऊ दे. शाईना अंगठानी मी रोटले हात नही लावसू.

निर्मलाबाई : तुम्ही म्हणाल तेव्हा जाऊ.

तापीबाई : आनि चुडामण घर उना तर?

निर्मलाबाई : तर मी सांगेन. तुम्ही काही बोलायचं नाही. मी सांगेन, तुमचं शेत विकलं आणि पुण्याला एक वर्ष शिकले.

तापीबाई : रागे भरी तो.

निर्मलाबाई : भरू देत. रागावले की काय करतात हो ते? मला ठाऊकच नाही. माझ्यावर रागवायला त्यांना वेळच झाला नाही.

तापीबाई : बोलस नही. वावरमा जाईसन बठी ऱ्हास. भूक लागनी का आपलं आपण घर येस.