पायऱ्यांशेजारची जागा

भोंगा: …आणि जेट्टीवर मासळी साफ करू नये. खवले पायाखाली येतात, लोक घसरतात आणि मग आम्हाला पत्रं लिहितात.

बायको: बिस्किटांचा पुडा भिजला.

कप्तान: धक्क्यावरून सांगतोय, ऐका. वारा कानामागून आला पाहिजे. नाकावर नको.

नावाडी: हे टायर उलट्या बाजूला कुणी बांधले?

भोंगा: कुत्रा पट्ट्याशिवाय आणू नये. बोटीवर शेगडी पेटती ठेवून झोपू नये. मुळात बोटीवर झोपूच नये.

बायको: बहिणीला सांगितलंय मी. म्हटलं, आता ये. पायऱ्या उतरायच्या की थेट बोटीत.

कप्तान: सगळ्यात खालची पायरी निसरडी आहे. तिच्यावर पाय द्यायचा नाही, तिला नुसतं ओलांडायचं. सासूसारखं.

भोंगा: दुसऱ्याच्या बोटीच्या दोराला कार्यालयाला विचारल्याशिवाय हात लावू नये.

नावाडी: ऐकलं, ऐकलं.

बायको: कुणाला म्हणताय?

नावाडी: भोंग्याला.

बायको: भोंग्याला उत्तरं देणारा आणि भिंतीशी भांडणारा, दोघांना एकच औषध. सुकाणूकडे बघा.

भोंगा: बाहेर पाण्यात तरंगत्या बोयाला बांधली जाणारी पिवळी प्रवासी बोट. पिवळी. पायऱ्यांशेजारची जागा आजपासून तुमच्या नावे आहे. कार्यालय बंद व्हायच्या आत बोट जागेवर बांधलेली पाहिजे. नसली तर जागा यादीतल्या पुढच्याकडे जाईल. नियम नगरपालिकेचा आहे, माझ्यावर ओरडायला येऊ नये.

बायको: पिवळी म्हणजे आपण. चला आत.

कप्तान: अरे, ये की. दोर झेलायला उभा आहे मी कधीचा. इतका वेळ तर माझ्या लग्नातही उभा नव्हतो.

नावाडी: वारा आडवा आहे, कप्तान. एक फेरी मारून येतो.

कप्तान: मार बाबा. पाणी सगळ्यांचं आहे.

बायको: कुठला वारा? निशाण बघा, वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबतंय.

नावाडी: तुला कळत नाही त्यातलं.

बायको: नाही कळत. रोज वल्ही मारून बाहेरच्या बोयावर प्रवासी आणते ते कळतं. परवाची ती बाई आपली डोंगी बघून मागे फिरली, तेही कळलं. म्हणाली, बोटीत बसायला आलेय, बोटीत बसण्यासाठी दुसऱ्या बोटीत नाही. दोन्ही खांदे गेले माझे. आणि आज जागा मिळतेय तर यांना वारा दिसतोय.

नावाडी: जातोय. जातोय ना आत.

बायको: हे आत आहे? आपण निघालोय बंदराच्या तोंडाकडे.

नावाडी: वळवतो.

कप्तान: ए, तिकडे कुठं? पायऱ्या इकडे आहेत, तिकडे समुद्र आहे.

बायको: हसताहेत बघा कप्तान. स्वतःची जागा दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला आलाय माणूस, आणि हसतोय. मी असते तर घराबाहेर पडले नसते.

नावाडी: त्यांना कुणी बोलावलं?

बायको: बोलवायला कशाला पाहिजे? काल घरी येऊन गेले. म्हणाले, सूनबाई, त्या जागेच्या खोडी मला ठाऊक आहेत, भोंग्याला नाहीत. मी येतो. आणि तुमचं नाव काढत होते सारखं. माझी बोट बुडाली तेव्हा गळ्याएवढ्या पाण्यात तुझा नवराच उतरला, म्हणाले. बाकीचे जेट्टीवर उभे राहून उंटावरून शेळ्या हाकत होते.

नावाडी: पुरे.

बायको: चांगलं सांगतेय तर पुरे?

नावाडी: मी पाहिला होता.

बायको: काय?

नावाडी: त्यांचा पुढचा दोर. खुंट्यावरून निसटत आलेला. शेवटचा वेढा राहिला होता, तोही वर सरकलेला.

बायको: कधी पाहिला?

नावाडी: बुडायच्या आधी. ओहोटी होती, बोट खाली गेलेली. दोर ताणला होता. मी वर उभा होतो, बिडी ओढत.

बायको: मग?

नावाडी: मग बिडी संपली.

बायको: इंजिन कमी करा. मला नीट ऐकू येत नाहीये.

नावाडी: ऐकलंस तू.

बायको: वाकून एक वेढा टाकायचा होता.

नावाडी: हो.

बायको: आणि तुम्ही घरी आलात.

नावाडी: घरी आलो. तू जेवायला वाढलंस.

बायको: दोनदा वाढून घेतलंत. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, आज भूक लागलीय माणसाला.

नावाडी: सुटेल असं वाटलं नव्हतं गं.

बायको: खरं?

नावाडी: सुटला तर बरं, असंही वाटलं होतं. दोन्ही एकदम. कुठलं आधी ते मला नाही सांगता यायचं. आणि नियम आहेच ना. दुसऱ्याच्या दोराला हात लावायचा नाही. आत्ताच म्हणाला भोंगा.

बायको: नियम. अख्खे दोन उन्हाळे आपण या बोटीत झोपलोय. शेगडी पेटती ठेवून.

नावाडी: ते वेगळं.

बायको: वेगळंच आहे. त्यात कुणाचं काही बुडालं नाही.

कप्तान: अरे, भांडण काठावर येऊन करा. मलाही ऐकू द्या. घरी भांडायला कोणी उरलं नाही मला.

बायको: आलोच, कप्तान. यांचा वारा अजून उतरला नाही.

नावाडी: आता?

बायको: दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय म्हटलं होतं, आठवतं? सुंठीवाचून खोकला गेला. तुम्ही हसलात.

नावाडी: हसलो.

बायको: रोज संध्याकाळी म्हणायचे मी. कप्तान थकलेत, कप्तान कधी सोडणार जागा. देवापुढं म्हणावं तसं तुमच्यापुढं म्हणायचे.

नावाडी: तुझा काय दोष त्यात?

बायको: नका ना इतकं चांगलं बोलू. त्यानं जास्त होतंय. द्या ते सुकाणू इकडे. तुम्ही पुढं जा. दोर तुम्हीच टाकायचा त्यांच्या हातात.

नावाडी: आणि सांगू?

बायको: मला विचारू नका. मी आत्ताच इतकी लबाड झालेय की मला बोट आतच न्यायचीय.

भोंगा: पिवळी बोट. फेऱ्या मारण्याबद्दल नियम नाही, पण लवकरच करावा लागेल. आम्ही खिडक्या लावायला घेतल्या आहेत.

कप्तान: हळू, सूनबाई. धक्क्याखालच्या तुळईपासून जरा लांब. त्या तुळईनंच माझ्या बोटीला खाल्लं. एक दोर सुटला की बोट फिरते आणि तिच्याखाली जाते. मग भरती येते. पाणी चढतं, बोट चढू शकत नाही. बघ, किती साधं आहे. नुसतं चढता येत नाही म्हणून बुडायचं.

बायको: हो, कप्तान.

कप्तान: टाक रे दोर. अरे, टाक. हातात धरून काय बसलास, राखी आहे का ती?

नावाडी: कप्तान, मला काही सांगायचंय.

कप्तान: आधी दोर. बोट बांधताना बोलू नये. हा नगरपालिकेचा नाही, माझा नियम आहे. हं. आला. आता बघ, या खुंट्याचं डोकं घासलंय. गुळगुळीत झालंय. इथं दोन वेढे पुरत नाहीत. तिसरा टाकायचा आणि तो स्वतःच्या पोटाखालून काढायचा. बघितलंस?

नावाडी: बघितलं.

कप्तान: मागचा दे. सूनबाई, इंजिन बंद कर. झालं. आली बोट घरी. आता बोल काय बोलायचं ते.

नावाडी: तुमचा दोर मी सुटताना पाहिला होता.

कप्तान: कुठला दोर?

नावाडी: तुमच्या बोटीचा. त्या दिवशी. मी इथंच उभा होतो आणि मी हात लावला नाही.

कप्तान: पुढचा की मागचा?

नावाडी: पुढचा.

कप्तान: नक्की?

नावाडी: पुढचाच. याच खुंट्याचा.

कप्तान: मी मागच्याला दोष देत होतो. मागचा मी घाईत बांधला होता. तेव्हापासून रोज अंथरुणात पडल्या पडल्या हवेत गाठी मारून बघतोय, कुठली चुकली म्हणून. बोटं दुखायला लागली.

नावाडी: गाठ चुकली नव्हती. खुंटाच घासलेला. तुम्ही चुकला नव्हता.

कप्तान: ते तुला तेव्हा ठाऊक होतं?

नावाडी: हो.

कप्तान: आणि तू बोट वर काढायला पाण्यात उतरलास.

नावाडी: हो.

कप्तान: मी तुला माझा कोरडा शर्ट दिला.

बायको: धुऊन ठेवलाय, कप्तान. द्यायचा राहिला.

कप्तान: ठेव. मला आता तो घट्ट होईल.

नावाडी: जागा हवी होती मला. इतकी वर्षं तुमच्यामागे यादीत होतो. नियम आहे हातही लावायचा नाही असा, म्हणून…

कप्तान: नियम मला पाठ आहे. चोरांसाठी केलाय तो. सूनबाई, तुला माहीत होतं?

बायको: आत्ता कळलं. बंदराच्या तोंडाशी.

कप्तान: तरी आत आलीस.

बायको: तरी आले.

कप्तान: बरं. निदान दोघं सारखं बोलता. आणखी काही सांगायचंय का, रे?

नावाडी: नाही.

कप्तान: विचार करून सांग. मला घाई नाही.

नावाडी: आणखी काही नाही, कप्तान.

बायको: आणखी काय असणार? एवढं कमी झालं?

कप्तान: मी त्याला विचारतोय.

भोंगा: पायऱ्यांकडे लक्ष. माझ्या खिडकीतून पायऱ्यांशेजारची जागा दिसत नाही, मध्ये गोदाम येतं. धक्क्यावरचा माणूस मात्र दिसतो. पिवळी बोट जागेवर बांधली असेल तर त्या माणसानं हात वर करावा. म्हणजे मी घरी जाईन.

नावाडी: हात वर करू नका. मी सोडतो दोर. परत बोयावर जातो.

बायको: सोडा. वल्ही मारीन मी. खांदे गेलेत, हात आहेत अजून.

कप्तान: कुठला सोडशील? तिसरा वेढा पोटाखालून काढलाय, तुला आज तरी सुटायचा नाही तो.

नावाडी: कापतो.

कप्तान: माझ्यादेखत दोर कापू नको. सवय नाही मला बघायची.

भोंगा: धक्क्यावरचे आजोबा. दिसताय तुम्ही. बोट बांधली आहे का?

नावाडी: कप्तान.

भोंगा: दिसला हात. नोंद केली. जागा पिवळ्या बोटीची. उद्या सकाळी दिव्यांचं काम आहे, कोणी तारांवर कपडे वाळत घालू नयेत. शुभ रात्री.

नावाडी: का केलात वर?

कप्तान: बोट बांधलेली आहे. त्यानं विचारलं, बांधली आहे का. मी काय नाही म्हणू?

नावाडी: म्हणजे तुम्ही मला…

कप्तान: म्हणजे काही नाही. हात वर केला तो बोटीसाठी. तुझ्यासाठी अजून खालीच आहे. सूनबाई, पुढचा टायर जरा वर घे, भरतीला उपयोगी पडेल. आणि रात्री कुणीतरी येऊन दोर बघत जा. खुंटा बदलायला सांगून मी थकलो. आता तुमचं सांगणं.

बायको: घरी सोडू तुम्हाला? अंधार पडतोय.

कप्तान: नको. मी वरच्या वाटेनं जाईन. या पायऱ्यांचं काम संपलं माझं.

नावाडी: उद्या येता का? दोर बघायला नाही. असंच.

कप्तान: पाय आत घे रे. खालच्या पायरीवर उभा आहेस.

(बोट बुडाली त्या दिवशीची दुपार. हाच धक्का. ओहोटी लागली आहे.)

कप्तान: डॉक्टरकडे डोळ्यांत औषध घालून घ्यायला चाललोय. संध्याकाळपर्यंत काही दिसायचं नाही, म्हणे. बोटीकडे बघशील ना जरा?

नावाडी: जा निर्धास्त. मी इथंच आहे.