कसाव्याचे काप

(अड्याळजवळचं एक गाव. परसात सशांच्या पिंजऱ्यापाशी अंजू आणि तिचा बाप इश्वर.)

अंजू : कच्चा देल्ला तू? सालीसकट?

इश्वर : धुऊन देल्ला ना. माती लागून होती.

अंजू : मातीनं नाई मेले ते, बाबा. तीन पिल्लं गेले. पाय, बाकीचे कसे कान पाडून बसले.

इश्वर : तूच त म्हनत होती, दुकानातलं खाद्य परवडत नाई, कसाव्यावर वाढवतो म्हनून.

अंजू : वाळवून म्हनली होती. सोलाचा, काप कराचे, कडक वाळवाचे, मंग कोंड्यात थोडे थोडे मिसळाचे. छतावर काय मी पापड टाकून राहिली होती?

इश्वर : काप दवानं भिजले. बुरशी धरली. तू बाजारात, पिल्लं जाळी कुरतडून राहिले. म्हटलं, साबुदान्याचंच त कंद होय, उपासाले चालते. रताळं नाई का खात आपन कच्चं?

अंजू : रताळं नोहे ते. कच्च्यात जहर रायते.

इश्वर : मले कोन सांगतलं?

अंजू : तू विचारलं कोनाले? का विचाराचंच नोहतं?

इश्वर : म्हंजे?

अंजू : हे पिल्लं मोठे करून दाखव, मंग शाळेचं नाव काढनार नाई, असं बोलला होता ना तू? आता काढ. टाक मले भंडाऱ्याच्या होस्टेलात. सोपं झालं तुले.

इश्वर : तोंड सांभाळ, अंजू.

अंजू : काहून? खोटं हाये?

इश्वर : मी खाऊन पायलो आंधी.

अंजू : काय खाल्ला?

इश्वर : तेच कंद. बैलाले ढेप टाकतो तई चाखतो का नाई? तसाच एक चावा घेतला. कडू लागला. म्हटलं, जनावराले चालते. आपल्या शेळ्या कडूनिंब खातेतच ना.

अंजू : कडू लागते तेच जहर होय, बाबा. मंग?

इश्वर : मंग काय. पिल्लायले टाकून झालं, आन ओकलो गोठ्यामांगं, दोनदा.

अंजू : आन आता सांगून राहिला? चाल दवाखान्यात.

इश्वर : सकारची गोष्ट होय. उतरलं आता.

अंजू : तरी चाल.

इश्वर : येतो. ते पावशी दे आंधी. अर्धं टोपलं हाये अजून, ऊन हाये तवर कापून टाकू.

अंजू : कडूचं मी सांगतलंच नोहतं तुले.

इश्वर : पाय, एवढा पातळ चालते का?

अंजू : अजून पातळ. आन चाखू नको.