स्पीकर अजून खोक्यातच

बाबा : ती निळी वायर मागच्या मोठ्या भोकात. नाही, तिथे नाही. त्याच्या खाली.

मुलगी : बाबा, खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकू नका. लागली वायर. राउटरचा दिवा हिरवा झाला का ते बघा.

बाबा : झाला. इंटरनेटवाला सांगून गेलाय, लाल झाला तरच फोन करा, उगाच नको.

आई : कॅमेरा लावलास का?

मुलगी : आई, तिसऱ्यांदा विचारतेस. तुम्हाला बिलं भरायला कॉम्प्युटर हवा होता ना? त्याला कॅमेरा कशाला लागतो?

बाबा : लाव बाई. त्या कॅमेऱ्यासाठी हिनं दुकानदाराच्या नाकी नऊ आणले. स्वस्तातला दाखवला तर म्हणाली, यात चेहरा धुरकट दिसतो.

मुलगी : बसवला स्क्रीनच्या डोक्यावर. माइक यातच आहे, तुमचं बोलणं मला ऐकू येईल. आता मी मोबाइल घेऊन गच्चीवर जाते आणि तिथून व्हिडिओ कॉल लावते. तिथवर इंटरनेट पोचतं का तेही कळेल. हिरवं बटण दिसलं की दाबायचं. आणि आई, कालपासून माझ्या तोंडाकडे असं टक लावून काय बघतेस?

आई : बघू नको? दहा महिन्यांनी आलीस.

(मुलगी गच्चीवर जाते. खाली स्क्रीनवर तिचा चेहरा येतो.)

बाबा : दाबलं. दिसली बघ! पण आवाज नाही. ओठ नुसतेच हलतायत.

मुलगी : आई, मी नीट दिसतेय का?

आई : दिसतेस. केसांच्या झिपऱ्या झाल्यात वाऱ्यानं.

मुलगी : म्हणजे वरपर्यंत पोचलं. मी टाकीच्या मागे उभी आहे.

आई : तिथे शेवाळं आहे, घसरशील. पुढे ये.

बाबा : अगं, तू कुणाशी बोलतेस? मला तर काहीच ऐकू येत नाही. आणि येणार कसं? स्पीकर अजून खोक्यातच आहे.

मुलगी : काय म्हणाले बाबा?

आई : काही नाही.

मुलगी : मी ऐकलं. माझा आवाज खाली येतच नाहीये. मग तुला कसं कळतंय?

बाबा : झालं. माझ्याच तोंडून गेलं. सांगून टाक आता तिला, दीड वर्ष झाकलंस.

आई : कान गेले गं माझे, चिमे. ह्यांचा आवाज मोठा, म्हणून ह्यांचं थोडंफार येतं. बाकी समोर माणूस असलं की ओठांवरून कळतं. फोनवर नुसती घरघर. शेजारच्या वहिनींच्या कॉम्प्युटरवर त्यांचा लेक बोलत होता, त्याचं अक्षर न् अक्षर कळलं मला. तेव्हापासून ह्यांच्या मागे लागले. बिलांचं मीच सांगायला लावलं.

मुलगी : आणि दर रविवारी माझ्याशी तासभर बोलायचीस ते?

आई : तू थांबलीस असं वाटलं की 'छान, छान' म्हणायचं. मग जेवलीस का विचारायचं. भागत होतं.

मुलगी : मला सांगितलं का नाहीस?

आई : सांगितलं असतं तर तू ह्यांच्याकडे निरोप ठेवायला लागली असतीस. बहिऱ्या माणसाला फोन करून तासभर कोण बोलतं? मला काही कळत नसलं तरी तो तास हवा होता.

मुलगी : आई, सात महिन्यांपूर्वी मी तुला एक गोष्ट सांगितली होती. फार हिंमत करून. तू म्हणालीस, छान, छान. आणि पुढच्या रविवारी परत, जावई कसे आहेत? मला वाटलं, तुला पटलेलं नाही म्हणून मुद्दाम डिवचतेस. म्हणून मी येत नव्हते.

आई : काय सांगितलं होतंस?

मुलगी : खाली येऊन सांगते.

आई : नको. खाली आलीस की मान खाली घालून बोलशील, लहानपणापासूनची सवय तुझी. मग मला काही कळायचं नाही. तिथूनच सांग. तोंडावरचा हात काढ.

बाबा : काय म्हणतेय ती? थांब, मी स्पीकर जोडतो.

आई : राहू द्या तो.

मुलगी : आम्ही वेगळे झालो, आई. तो घर सोडून गेला. मी एकटीच राहते.

आई : सात महिने?

मुलगी : हो.

आई : आणि मी छान म्हणाले.

मुलगी : तुला ऐकू आलं नव्हतं गं.

आई : तुला तर आलं होतं ना.

बाबा : अगं, रडतेय का ती? कुणी सांगेल का मला, झालंय काय?

आई : हे बंद कसं करायचं ते तुम्ही बघा. मी गच्चीवर जाते.