मशीननं केलेला आग्रह

...न्हाय न्हाय, आदी मला सांगा, ह्यात माझं काय चुकलं? मशीन कुटलं, कुणाचं, त्याचं तोंड बी मी बघितलेलं न्हाय, आन् निस्तरायचं कुणी? मी! तुमाला सांगतो, माझं काम म्हंजे टेस्टिंग. कुणीतरी ॲप बनवतंय, ते नीट चालतंय का न्हाय बघायचं. पण आपण बोटानं बटणं दाबत बसायचं न्हाय हां! एकदा लिहून ठेवायचं, हितं दाब, मग तितं दाब... आन् क्लाउडवरची भाड्याची मशीनं दाबत बसत्यात. आता हे आमच्या अव्वाला, म्हंजे आईला, समजावून दाखवा तुमी! "कुटं हायत मशीनं?" म्हणलं, अव्वा, ती खरीखुरी न्हाईत, व्हर्च्युअल हायत. "मशीन खरं न्हाय, आन् काम समदं मशीन करतंय... मग सिद्धलिंगा, तू काय करतोस रे?"

बरं, अव्वाचं सोडा, पोरीकडची माणसं बी हेच इचारायची की! "नोकरी पुण्याची म्हणता, मग पोरगं सोलापुरात, घरात, लुंगीवर कसं?" उप्पीट खाऊन जायची, ती परत फोन न्हाय. आन् त्या रविवारी अक्षता येणार होती, अक्कलकोटची. तिचे वडील बसलिंगप्पा, किराण्याचे व्यापारी. तिचा फोटो बघितल्यापासनं मला जेवण गोड लागत न्हव्हतं ओ! हे स्थळ गेलं असतं तर... जाऊ द्या, लई वाईट झालं असतं.

आन् नेमकी त्याच सकाळी टेस्ट. ॲप कसलं? जेवणाची आमंत्रणं धाडायचं! नावं भरा, पत्ता टाका, बटण दाबा, मेसेज गेला. पुण्यातनं आमचे गुरुराज सर म्हणले, "सिद्धलिंग, ते एबीसी-एक्सवायझेड नको, खऱ्यासारखी नावं टाक." म्हणलं, खऱ्यासारखी कशाला, खरीच टाकतो! फोनमधले समदे पाव्हणे नंबरासकट टाकले, पत्ता आपल्या घरचा, तारीख मशीन आपलं आपण घालतंय, आजची. मेसेज खरा बाहेर जाऊ नये म्हणून एक सेटिंग असतंय. ते मी केलं होतं की! पण एका मशीनवर केलं ओ... बाकीची मशीनं त्या सकाळी कोरी जन्माला आली, त्यांना कोण सांगणार? प्रत्येक मशीननं प्रत्येक पाव्हण्याला बोलावलं! "आज सहकुटुंब जेवायला यावे." परत "यावे." परत "यावे"! मी एक मशीन बंद करतोय तर त्याच्या जागी दुसरं उभं राहतंय, कारण तशी सोय मीच करून ठेवलेली! सरांना फोन लावला तर त्यांचा आनंद बघा, "अरे, रिपोर्ट हिरवागार! सगळे मेसेज पोचले! शाब्बास!" मशीन कुटलं, कुणाचं, आन् निस्तरायचं कुणी? मी!

आमच्या पाव्हण्यांचं तुमाला ठावं न्हाय. एकदा बोलावलं तर कुणी येत न्हाय, ते निसतं सांगणं झालं! काशम्मा आत्या तर वास्तुशांतीपासनं रुसलेली. "एक फोन केला निसता! आग्रह म्हणून काय असतंय का न्हाय?" त्यापायी तिनं उंबरा शिवला न्हव्हता, आन् अव्वा दर सणाला तिच्या आठवणीनं डोळ्याला पदर लावायची. तर तुमाला सांगतो, हितं बसलिंगप्पा सोफ्यावर टेकतायत, अक्षता खाली मान घालून... खाली कुटली, सरळ माझ्याकडंच बघतीया... आन् दारात रिक्षा! काशम्मा आत्या! एका हातात शेंगाचटणीचा डबा, दुसऱ्यात फोन, अव्वाला म्हणतीया, "अगं सुंदरम्मा, किती बोलवायचं ते! फोन तापला की माझा! एवढा आग्रह मला आजवर कुणी केला न्हाय गं!" आन् दोघी गळ्यात पडून रडायला लागल्या. मला बी भरून आलं, खोटं कशाला बोलू?

तिच्या मागनं होटगीचे, मंद्रूपचे, वळसंगचे... जीप भरभरून! अव्वा "बर्री, बर्री, कूडरी" म्हणत समद्यांना बसवतीया, बायका पदर खोचून भाकऱ्या थापायला लागल्या, त्यांच्यात अक्षता बी, सोफ्याच्या हातावर बी माणसं! बसलिंगप्पा उठून उभे. म्हणलं, गेलं... हे बी स्थळ गेलं! "आमी फकस्त पोरगं बघायला आलो," जाड आवाजात म्हणतायत, "आन् तुमी आमच्यासाठी अख्खं गोत बोलावून ठेवलं? एवढा मान आमाला कुणी दिला न्हाय ओ!"

आता गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं की न्हाय? पण अक्षतानं इचारलं, "हे मेसेज तुमीच पाठवले व्हय?" त्या डोळ्यांसमोर खोटं बोलवंना! सांगून टाकलं... मशीनं, सेटिंग, समदं. मग ती जी हसली म्हणता! "म्हंजे मशीनं घोळ घालणार, आन् निस्तरायला माणूस लागणार. तेच तुमचं काम की!" अहो, मला अव्वाला जे कधी समजावता आलं न्हाय, ते हिनं भाकरी थापता थापता सांगितलं! बसलिंगप्पा म्हणले, "गोत जमलेलंच हाय, परत कशाला जमवायचं? आणा साखर!" साखर चहात संपलेली, शेजारनं वाटी आणली, आन् उप्पीटाच्या बशीत साखरपुडा! मी एवढा खूश, की दोनदा साखर खाल्ली.

आता लग्न. म्हणलं, पत्रिका वाटू, संपवू. तर काशम्मा आत्या, "त्या वक्ती बोलावलं तसंच बोलवायचं, फोन तापला पायजे! न्हायतर मी येत न्हाय." झालं! समद्यांनी तेच धरलं, बसलिंगप्पांनी अख्ख्या अक्कलकोटचे नंबर आणून दिले. मशीन कुटलं, कुणाचं... आन् निस्तरायचं कुणी? मी! घेतली परत मशीनं भाड्यानं, ह्या टायमाला सेटिंग मुद्दाम काढून. तुमचे बी नंबर हायत त्यात. तर हात जोडून सांगतो, येणार असाल तर "येतो" म्हणून कळवा, आन् येणार नसाल तरी "येतो" म्हणूनच कळवा... कारण न्हाय म्हणलं की मशीन ते फेल धरतंय, आन् परत पहिल्यापासनं बोलवायला लागतंय!