पेटीखालचं भोक

एक सांगतो, काहीही करा पण सोसायटीचे सेक्रेटरी होऊ नका. आमच्या पाण्याच्या पंपाच्या स्विचची पेटी बाहेर भिंतीवर आहे. जरा पाऊस झाला की पंप बंद, आणि तिन्ही मजल्यांचे फोन मला. इलेक्ट्रिशियनने पेटी उघडली, तर आत वाटीभर पाणी. म्हणाला, "साहेब, वायरच्या पाइपातून थोडं पाणी येणारच. तळाला भोक पाडतो, निथळून जाईल."

पाडलं. आठवड्याने पुन्हा पंप बंद! तळमजल्यावरच्या देवधरकाकांनी, म्हणजे आमच्या रिटायर्ड हेडमास्तरांनी, भोक लांबी भरून बुजवलेलं.

"अहो, विजेच्या पेटीला भोक ठेवतात का कुठे? पाणी शिरेल!"

"काका, ते पाणी बाहेर जायलाच ठेवलंय."

"मग तसं लिहायला नको?"

मी भोक मोकळं करून घेतलं आणि कागदावर लिहिलं, 'हे भोक मुद्दाम ठेवले आहे. बुजवू नये.' काकांनी शुद्धलेखन तपासलं, कागद लॅमिनेट करून आणला, आणि "मीच लावतो" म्हणाले. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

परवा पाऊस झाला. पंप बंद. मी वाकून पेटीच्या तळाशी बघतो, तर बरोब्बर भोकावर, चारही बाजूंनी चिकटपट्टी मारून पाटी!

"काका, अहो, पाटी भोकावर?"

"मग 'हे भोक' म्हणजे कुठलं, ते लोकांना कळणार कसं?"